पाणी सोडलं होतं का?

धानोरा,
मंगळवार, १३ जानेवारी

प्रिय ताई,

हे पत्र तुला गुरुवारी किंवा फार तर शुक्रवारी मिळेल, असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. रविवारी तू बाबांना न्यायला नागपूरहून निघशील, त्याआधी ते तुझ्या हातात पडावं म्हणून स्पीड पोस्टाने टाकतो आहे. पाकीट बघून घाबरू नकोस. बाबा बरे आहेत, मीही बरा आहे. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुझं तिसरं सुरू होतं, आणि मग मला जे सांगायचं असतं ते राहून जातं आणि मी तुझ्या प्रश्नांची उत्तरं देत बसतो. हे रागाने लिहीत नाही. तू लहानपणापासून अशी आहेस आणि मी असा. म्हणून आधी हे सगळं वाच, आणि बाबांना तर मध्येच अजिबात फोन करू नकोस.

शनिवारी मी सुटी घेऊन बल्लारपूरला गेलो होतो. हिवाळ्याचे कपडे, औषधं, बँकेचं पुस्तक आणि आईचा फोटो एवढं बांधायचं, बाकी घर कुलपात राहील, असं तू सांगितलं होतंस. मी यादी लिहूनच नेली होती. पण बाबांनी माझ्या आधीच सगळं बांधून ठेवलं होतं. पत्र्याच्या हिरव्या पेटीत कपडे घड्या घालून, औषधं वेगळ्या पिशवीत, आणि सगळ्यात वर त्यांचं बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट, काचेच्या चौकटीसकट लुंगीत गुंडाळून. भिंतीवर त्या जागी चौकोनी पांढरा डाग राहिला आहे. आई गेली तेव्हा घरातली एक वस्तू त्यांनी हलवू दिली नव्हती, हे तुला माहीत आहे. हे कशाला काढलं, तिकडे कोण बघणार आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "इथी तरी कोण पाहून राह्यलं?" आणि चहा ठेवायला आत गेले.

त्यांनी तुझ्याकडे यायला एका फोनमध्ये होकार दिला याचं आपल्याला बरं वाटलं होतं. तू म्हणालीस, निकेश, बघ, त्यांनाही कळतंय की आता एकट्याने राहणं होणार नाही. मलाही तेव्हा तसंच वाटलं. आता वाटत नाही. का वाटत नाही ते क्रमाने लिहितो. यातलं अर्धं तुला ठाऊक आहे, पण क्रम सोडला की माझा गोंधळ उडतो, म्हणून तेही लिहितो.

आई असेपर्यंत आंघोळीचं पाणी मागच्या अंगणातल्या चुलीवर पितळेच्या मोठ्या गंजात तापायचं. ती गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात बाबांच्या पायावर गरम पाण्याचा गंज कलंडला आणि तू दुसऱ्या आठवड्यात गिझर पाठवून दिलास. बाबांनी गिझर हा शब्द आजवर एकदाही उच्चारलेला नाही. त्यांच्यासाठी तो बॉयलरच आहे. एकतीस वर्षं कागदाच्या मिलमध्ये ज्याने दोन मजली बॉयलर चालवला, त्याला हे बादलीएवढं यंत्र बघून हसू आलं होतं. बसवला त्या दिवशी ते स्टुलावर चढून त्याला कान लावून उभे होते. मग उतरले आणि म्हणाले, आवाज चांगला आहे, पण याला काच नाही. काच म्हणजे मिलच्या बॉयलरला असते ती नळी, आत पाणी किती आहे ते बाहेरून दाखवणारी. ज्याचं पाणी बाहेरून दिसत नाही त्याच्यावर भरवसा ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी रोज सकाळी आंघोळ झाली की ते त्याला ओल्या पंचाने पुसायचे. शेजारच्या सुगंधाबाई त्यांना चिडवायच्या, की भाऊ, बाईच्या हातच्या पाण्यानं कधी एवढं अंग घासलं नाही तुमी.

पहिल्यांदा तो बंद पडला गेल्या फेब्रुवारीत. त्यात कोणाचीच चूक नव्हती. आपल्याकडचं पाणी जड आहे, आत पांढरा थर बसला होता आणि पाणी तापवणारी कॉइल गेली. इनायतभाई आले. जळालेल्या मोटारींची तार भरण्यात त्यांचा हात धरणारं बल्लारपुरात कोणी नाही आणि बाबांशी त्यांचं पंचवीस वर्षांचं बसणं-उठणं. त्यांनी कॉइल बदलली आणि साचलेला गाळ काढता यावा म्हणून गिझरच्या खाली एक लहान नळ बसवून दिला. मात्र वरच्या पाइपाचा जोड तेव्हापासून ठिबकायला लागला. दोनदा उघडून बसवला तरी ठिबकतच राहिला. तेव्हा इनायतभाईंनी तोडगा काढला, की टाकीतून गिझरमध्ये पाणी आणणारा वरचा कॉक आंघोळ झाली की बंद करून टाकायचा, म्हणजे ठिबकणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी उघडायचा. तर आता दोन गोष्टी झाल्या. वरचा कॉक पाणी आत घ्यायचा आणि खालचा नळ पाणी बाहेर काढायचा. एवढं लक्षात ठेव.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीत गिझर पुन्हा सुरू करायचा म्हणून इनायतभाई येऊन बघून गेले. भाऊबीज उरकून मी निघायच्या तयारीत होतो, तू मुलांना घेऊन आणखी आठ दिवस राहणार होतीस. इनायतभाईंनी चहाचा कप हातात धरून मला दारातच सांगितलं, "आधी पाणी सोडाचं, मंग बटन दाबाचं. उलटं झालं तं कॉइल गेली समज. बाबूले लिहून दे." मी बाबांना लिहून दिलं.

ताई, माझं काम तुला माहीत आहे. इथे धानोऱ्यात फ्लेक्सच्या दुकानात मी दिवसभर लोकांचे शब्द टाइप करतो. दहावीत गणितात गेलो तो गेलोच, पण शुद्धलेखनात मी कोणाला ऐकत नाही. मालक मला मास्तर म्हणतात, अर्धं कौतुकाने आणि अर्धं वैतागून, कारण 'आर्शिवाद' लिहिलेला बॅनर मी छापायला लावत नाही, गिऱ्हाईक भांडलं तरी. हिवाळ्यात तर नाटकांचा हंगाम. झाडीपट्टीतल्या सगळ्या मंडळांची पोस्टरं एकदम येतात, नटीचं नाव हिरोपेक्षा बारीक झालं की मंडळ तिथेच रुसून बसतं. त्या गडबडीतही मी बाबांसाठी पाटी केली. निळी चौकट, ठळक टाइप, चष्मा नसतानाही वाचता येईल एवढी अक्षरं. 'बटण दाबण्यापूर्वी पाणी सोडावे.' लॅमिनेट केली आणि बल्लारपूरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे दिली. दुसऱ्या दिवशी तू ती न्हाणीच्या दाराला चिकटवलीस आणि मला फोटो पाठवलास. मी तो फोटो मोठा करून बघितला. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं. मला समाधान वाटलं होतं, हे आज लिहायला लाज वाटते.

पाटी लागल्यापासून अडीच महिन्यांत गिझर चार वेळा गेला. पहिल्यांदा इनायतभाईंनी जळकी कॉइल काढून बाबांना दाखवली आणि मला फोनवर सांगितलं की ही पाणी नसताना तापली आहे, कोरडी जळाली आहे. दुसऱ्यांदा ते लग्नाला गावी गेले होते म्हणून त्यांच्या हाताखालचा पोरगा विक्की आला. तो कानात गाणी घालून आला, पंधरा मिनिटांत काम करून गेला, आणि जास्त तापल्यावर गिझर आपोआप बंद करणारा जो लहान भाग असतो तो नादुरुस्त दिसला म्हणून त्याने सरळ काढून टाकला आणि वायर थेट जोडून दिली. दुसऱ्याच दिवशी कॉइल फुटली. तिसऱ्यांदा कंपनीचा माणूस आला, त्याने फोटो काढले, दोन भाग बदलले आणि निघताना तुला फोन करून म्हणाला की आजोबांना एकटं ठेवू नका, ते पाणी न सोडताच बटण दाबतात. चौथी वेळ या महिन्याच्या दोन तारखेची.

प्रत्येक वेळी मी बाबांना फोनवर एकच प्रश्न विचारला. पाणी सोडलं होतं का? आणि प्रत्येक वेळी बाबा म्हणाले, "सोडलं होतं." पहिल्या दोन वेळा ठामपणे म्हणाले. तिसऱ्यांदा थोडं थांबून म्हणाले. चौथ्या वेळी म्हणाले, "सोडलं होतं वाटते." तो 'वाटते' ऐकून मी तुला फोन केला होता. बाबा विसरायला लागले आहेत, हे शब्द पहिल्यांदा मीच उच्चारले, ताई. तू नाही. तू दवाखान्यात रोज असे म्हातारे बघतेस, म्हणून तुला पुढचं सगळं डोळ्यांपुढे दिसलं आणि तू येत्या सोमवारची डॉक्टरांची वेळसुद्धा घेऊन ठेवलीस. यात मी तुला दोष देत नाही. कॉइल कोरडी जळाली हे खरं होतं आणि बाबा पाणी सोडलं म्हणत होते. दोन्ही खरं असूच शकत नाही, असं कोणीही म्हटलं असतं.

मग आपल्याला सगळीकडे तेच दिसायला लागलं. बाबांनी फोनवर मला दसरूकाकाच्या नावाने हाक मारली, तर मी लगेच तुला कळवलं. खरं तर मी मिसरूड फुटल्यापासून ते मला दसरू म्हणतात, कारण मी चालतो तसाच काका चालायचा. वरणात मीठ दोनदा पडलं. ते आई होती तेव्हाही पडायचं, फक्त तेव्हा तिला बोलायची संधी मिळायची म्हणून आपण हसायचो. शनिवारी घरी आलेल्या इनायतभाईंनीही मान हलवून मला बाजूला घेऊन सांगितलं की बाबूचं ध्यान राहिलं नाही आता. ते गेल्यावर बाबा मला म्हणाले, इनायत माझ्याशी मोठ्यानं बोलून राह्यला, मले ऐकू येत नाई असं वाटते का त्याले.

आता रविवारचं सांगतो. परवाचा रविवार. सकाळचे सहा वाजले असतील, मी अंगणात दात घासत होतो. थंडी चांगलीच होती. गिझर पाच तारखेला इनायतभाईंनी पुन्हा दुरुस्त करून दिला होता, पण बाबा वापरत नव्हते. सुगंधाबाई रोज एक गंज गरम पाणी देतात असं मला त्यांच्याकडूनच कळलं. मीच म्हटलं की आज मी आहे, आज गिझरच्या पाण्याने आंघोळ करा. बाबा न्हाणीत गेले. थोड्या वेळाने मोरीतून पाणी जाण्याचा आवाज आला. बादलीचा नव्हता, बारीक धारेचा, एकसारखा आणि बराच वेळ. मला वाटलं फरशी धूत असतील. मग ते बाहेर आले, पाटीकडे एकदा बघितलं, बोटाने एकेक शब्द टेकत वाचली, आणि बटणाकडे हात नेला.

मी तोंडातल्या फेसासकट त्यांचा हात अडवला आणि आत गेलो. खालचा नळ अजून टपकत होता. मोरीत तांबूस गाळ पसरला होता. गरम पाण्याची तोटी उघडी होती, कारण वरून हवा मिळाल्याशिवाय खालून पाणी उतरत नाही, हे एवढ्या वर्षांच्या अनुभवाचा माणूसच जाणतो. आणि वरचा कॉक बंद. त्यांनी गिझर शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला होता. मी विचारलं, बाबा, हे काय केलं? ते म्हणाले, "पाणी सोडलं. लिवलं हाये ना."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो.

ताई, आपण नळाला पाणी सोडलं म्हणतो तेव्हा पाणी येतं. इनायतभाई म्हणाले पाणी सोड, म्हणजे वरचा कॉक उघडून गिझर भर. मी तेच ऐकलं आणि तेच लिहिलं. पण बाबांच्या मिलमध्ये पाणी सोडणं म्हणजे बॉयलरच्या तळाचं गाळाचं पाणी बाहेर काढून देणं. दर पाळीला एकदा. तुला आठवत असेल, आपल्या वॉर्डापर्यंत वाफेचा तो फुस्स आवाज यायचा आणि आई म्हणायची, पाणी सोडलं बघा, आता येतीलच. आपण त्या आवाजावर ताटं मांडायचो. तो शब्द मी जन्मापासून ऐकला आहे, आणि तरी माझ्या मनात आला नाही. माझ्या पाटीत एकही चूक नव्हती आणि सगळी पाटीच चूक होती. बाबा रोज पाटी वाचून, ती सांगते म्हणून, गिझर रिकामा करत होते आणि रिकामा गिझर चालू करत होते. काही दिवस तो जास्त तापून आपोआप बंद व्हायचा, शेवटी कॉइल जायची. गरम पाणी आलं नाही की वरचा कॉक उघडून थंड पाण्याने आंघोळ करत होते आणि कोणाला सांगत नव्हते. ते एकही दिवस विसरले नव्हते. न्हाणीच्या दाराच्या मागच्या बाजूला कोळशाच्या रेघा आहेत. मला त्या दुधाच्या हिशेबाच्या वाटायच्या. त्या पाणी सोडल्याच्या आहेत. आपण विचारायला लागल्यावर त्यांनी सुरू केल्या, स्वतःची खात्री पटावी म्हणून.

मी वरचा कॉक उघडला, गिझर भरू दिला, बटण दाबलं. वीस मिनिटांत कढत पाणी आलं. बाबांनी आंघोळ केली. मला वाटलं, संपलं. मी त्यांना दोन वेळा समजावून सांगितलं की चूक तुमची नव्हती, माझ्या शब्दाची होती. ते डोकं पुसत शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "राहू दे, निकेश. बापाची चूक आपल्या अंगावर कायले घेऊन राह्यला तू?" मी म्हटलं, असं नाही बाबा. तर ते म्हणाले, "रिकामा बॉयलर पेटवत नाई, हे मले समजत नाई का? पहिल्या दिवशी शिकवतात. मले समजत होतं आणि तरी मी बटन दाबलं, रोज. मंग डोकं गेलं नाई तं काय झालं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. मी ते अडीच महिने स्वतःलाही आठवू दिलं नव्हतं. पाटी लावली त्याच दिवशी संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. दुकानात एका नाटकमंडळाची पाच माणसं काउंटरवर ओणवी झाली होती, त्यांच्या पोस्टरवर हिरोचं आडनाव चुकलं होतं आणि प्रयोग दुसऱ्या दिवशी होता. बाबा म्हणाले, निकेश, पाणी सोडून मंग बटन, हे उलटं नाई होत का? आधी बटन आणि मग पाणी असं ते म्हणत आहेत असं मला वाटलं, इनायतभाईंनी तेच तर करायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी विचारलंही नाही की उलटं म्हणजे काय. मी म्हणालो, "बाबा, तुमी डोकं नका लावू. लिवलं हाये तसंच करा." आणि फोन ठेवला. बॉयलरच्या बाबतीत बाबांना असं आजवर कोणी म्हटलं नसेल, साहेबानेही नाही. त्यांनी त्यानंतर मला गिझरबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी डोकं लावलं नाही. मी सांगितलं होतं तसंच केलं.

हे मी त्यांना रविवारी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. ते अंगणातल्या उन्हाकडे बघत म्हणाले, "तू असा बोललाच नाई कधी." मी म्हटलं, बोललो, बाबा. ते म्हणाले, "नाई बोलला. तुह्या मागं गर्दी होती दुकानात, तू घाईत होता." म्हणजे त्यांना सगळं आठवतं, ताई. गर्दीचा आवाजसुद्धा आठवतो. पण मी बापाला असं बोललो हे खरं ठरण्यापेक्षा आपलं डोकं गेलं हे खरं ठरलेलं त्यांना चालतं. काल, सोमवारी सकाळी मी निघालो तेव्हाही तेच. मी बसमध्ये बसेपर्यंत सोबत आले, आणि तिथे कंडक्टरला सांगत होते की आता लेकीकडे चाललो नागपूरले, इथी आपलं काम झालं.

डॉक्टरांकडे नेऊ नको असं मी म्हणत नाही. त्यांचं वय सत्तरच्या पुढे आहे, दाखवून घेण्यात नुकसान नाही, आणि गुडघे तर दाखवायलाच हवेत. चार दिवस नातवंडांत राहून ते परत येतील तर मला आनंदच आहे. पण घराला कुलूप लागतं आहे ते माझ्या एका शब्दामुळे आणि माझ्या एका वाक्यामुळे, आणि ते स्वतः मान खाली घालून चालले आहेत. हे मला सहन होत नाही. पाटी मी काढून आणली आहे. नवी लिहिली नाही. इनायतभाईंना मी सोमवारी जाता जाता भेटलो आणि सांगितलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले की बाबूला मीही पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच कमी समजलो. जोड ते या आठवड्यात पुन्हा उघडून बघणार आहेत.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. मी कितीही सांगितलं तरी बाबांना ते माझं त्यांना जपणं वाटतं. मी लहानपणी तुझ्या वाटचे फटकेही खाल्ले आहेत, त्यामुळे चूक माझी होती या माझ्या वाक्यावर त्या घरात कोणी विश्वास ठेवत नाही. त्या संध्याकाळी तो फोन बाबांच्या हातात नव्हता, तुझ्या हातात होता. तू नंबर लावून दिला होतास आणि स्पीकर सुरू होता, कारण मागून मुलांचा गोंधळ मला ऐकू येत होता. मी ते वाक्य बोललो ते तू ऐकलंस. तुझं म्हणणंही मला आठवतं. घ्या बाबा, साहेबाचा हुकूम आला, असं म्हणालीस. बाबाही तुझ्यासोबत थोडं हसले होते. तेव्हा ताई, सोमवारी डॉक्टर बाबांना काय काय आठवतं ते विचारतील, त्याआधी तू जरा आठवून बघ. आणि आठवलं तर रविवारी आल्या आल्या, सामानाला हात लावायच्या आधी, त्यांच्यासमोर बसून सांग की निकेश असं बोलला होता, मी ऐकलं होतं. मीही तिथे असेन, पण माझ्याकडे बघून सांगू नकोस, त्यांच्याकडे बघून सांग. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे. त्यांनी मला ते जन्मभर ऐकवलं तरी चालेल. आठवत नसेल तर माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, तुझं खोटं त्यांना लगेच कळतं. पण तुला आठवत असेल. तू हसली होतीस.

तुझाच,
निकेश